बिघाडांच्या तक्त्यातला इतिहास : नायट्रो इंजिन सुरू का होत नाही?



संशोधनाची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींचा एक प्रश्न ठरलेला असतो : "विषय मिळाला, पण साधनं कुठून आणू?" साधन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पुराभिलेखागारातली दफ्तरं, ताम्रपट, जुनी वर्तमानपत्रं येतात. तंत्रज्ञानाच्या इतिहासात मात्र साधनं कधीकधी भलत्याच ठिकाणी सापडतात. आज असंच एक साधन आपण नीट वाचून बघू. नायट्रो इंधनावर चालणाऱ्या रिमोटच्या गाडीबरोबर जी माहितीपुस्तिका येते, तिच्या शेवटच्या पानांवर 'बिघाड, कारण, उपाय' असा एक तक्ता असतो. तोच आपला आजचा दस्तऐवज.

खेळण्याच्या गाडीचा कसला इतिहास, असं वाटेल. पण या गाडीत खरंखुरं अंतर्ज्वलन इंजिन असतं. १/८ मापाच्या शर्यतीच्या गाडीत साधारण ३.५ घनसेंटिमीटरचं, एका सिलिंडरचं, टू-स्ट्रोक इंजिन असतं आणि ते मिनिटाला ३०,००० पेक्षा जास्त फेरे घेतं. म्हणजे सेकंदाला ५०० वेळा ज्वलन. आणि एवढं सगळं चालतं ते ठिणगीशिवाय, पिस्टन रिंगशिवाय, वेगळ्या ऑइल पंपाशिवाय.

इथेच आपला मुद्दा आहे. एवढ्या गोष्टी काढून टाकल्या, तर त्यांचं काम कोण करतं? ते काम दुसऱ्या कशावर तरी ढकललं जातं. आणि ढकललेलं काम जिथे नीट होत नाही, तिथे बिघाड होतो. माझं म्हणणं असं, की तक्त्यातली प्रत्येक ओळ ही कुठल्यातरी जुन्या निर्णयाची सावली आहे. तक्ता उलटा वाचला, म्हणजे बिघाडाकडून निर्णयाकडे गेलं, तर सुमारे दीडशे-दोनशे वर्षांचा इतिहास हाती लागतो.

चला, एकेक ओळ घेऊ.

ओळ पहिली : इग्नायटर काढला की इंजिन बंद पडतं

नवशिक्याला सगळ्यात आधी छळणारा हा बिघाड. ग्लो प्लगवर इग्नायटर लावला, दोरी ओढली, इंजिन फुरफुरत सुरू झालं. आनंदाने इग्नायटर काढला आणि इंजिन बंद.

याचं मूळ १९४७ मध्ये आहे. त्याआधी मॉडेल विमानांची इंजिनं आपल्या जुन्या स्कूटरसारखी ठिणगीवर चालत. १९३० च्या दशकात अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या विल्यम ब्राउन याचं 'ब्राउन ज्युनिअर' हे इंजिन गाजलं. पण ठिणगी हवी म्हणजे कॉइल हवी, कंडेन्सर हवा, बॅटरी हवी आणि संपर्क जोडणारे-तोडणारे पॉइंट हवेत. हा सगळा संसार विमानाने पाठीवर घेऊन उडायचा. न्यूयॉर्कच्या रे आर्डन याने १९४७ च्या अखेरीस ग्लो प्लग बाजारात आणला आणि संसार एका फटक्यात जमिनीवर उतरवला. प्लगमध्ये प्लॅटिनम-मिश्रधातूच्या तारेची बारीक गुंडाळी. सुरू करताना दीड व्होल्टच्या सेलने ती लाल करायची, इंजिन चालू झालं की सेल काढून घ्यायचा.

सेल काढल्यावर तार तापलेली कशी राहते? इथे आणखी मागे जावं लागतं. १८१७ मध्ये हम्फ्री डेव्ही खाणकामगारांच्या सुरक्षा-दिव्यावर काम करत होता. ज्वलनशील वायू आणि हवा यांच्या मिश्रणात गरम प्लॅटिनमची तार धरली, तर ज्योत नसतानाही ती लाल राहते, हे त्याने नोंदवलं. १८२३ मध्ये येना इथल्या डोबेरायनर याने प्लॅटिनमवर हायड्रोजन सोडून दिवा पेटवून दाखवला. पुढे १८३० च्या दशकात बर्झेलियस याने अशा घटनांना 'कॅटॅलिसिस' हे नाव दिलं. आपण त्याला उत्प्रेरण म्हणतो. ग्लो प्लगमध्ये नेमकं हेच चालतं. मिथेनॉलची वाफ प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनशी संयोग पावते, त्यातून उष्णता निघते. शिवाय प्रत्येक ज्वलनाची उष्णता असतेच. दोन्ही मिळून तार पुढच्या ज्वलनापर्यंत तापलेली राहते.

आता बिघाड परत बघा. इग्नायटर काढल्यावर तार थंड पडते, याचा अर्थ उष्णतेचा हिशेब तुटीत आहे. त्याची दोन मुख्य कारणं. तार म्हातारी झाली असेल, म्हणजे पृष्ठभाग काजळला, विस्कटला, काम करेनासा झाला. किंवा इंधन जास्त जातंय आणि ओलं मिश्रण तारेला विझवतंय. म्हणून अनुभवी माणूस कुठलाही स्क्रू फिरवण्याआधी नवा प्लग लावून बघतो. प्लग इग्नायटरवर लावला आणि तार लाल दिसली, एवढ्यावर तो समाधान मानत नाही. बॅटरीवर लाल होणारी तार इंजिनात स्वतःच्या जोरावर लाल राहीलच असं नाही. डेव्हीने पाहिलेली गोष्ट आणि बॅटरीने तापलेली तार, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ठिणगीबरोबर काय गेलं?

इतिहासाच्या पुस्तकांत ग्लो प्लगची कथा बहुधा 'सुधारणा' म्हणून येते : वजन कमी झालं, भानगड कमी झाली. हे खरं आहे, पण अर्धं. ठिणगीबरोबर टायमिंगही गेलं. ठिणगीच्या इंजिनात ज्वलन कधी सुरू व्हावं हे माणूस पॉइंटची जागा बदलून ठरवू शकत होता. ग्लो इंजिनात तो निर्णय कोणाच्याच हातात थेट उरला नाही. तो पाच-सहा गोष्टींत वाटला गेला : प्लग किती 'हॉट' किंवा 'कोल्ड' आहे, कॉम्प्रेशन किती, इंधनात नायट्रोमिथेन किती, मिश्रणात इंधन किती, इंजिनावर भार किती, हवा कशी.

नायट्रो गाडीचं 'ट्यूनिंग' एवढं नाजूक का, याचं उत्तर इथे आहे. आपण सुई फिरवून इंधन कमी-जास्त करतो, तेव्हा त्याच हाताने टायमिंगही हलवत असतो. एकाच चावीला दोन कुलपं. आर्डनने वजनाचा प्रश्न सोडवला आणि बदल्यात सगळ्या वापरणाऱ्यांच्या हाती एक कौशल्य शिकण्याची सक्ती दिली. संशोधन करताना 'सुधारणा' हा शब्द लिहिण्याआधी एक प्रश्न विचारत जा : काम कमी झालं, की कोणा दुसऱ्याच्या अंगावर गेलं?

ओळ दुसरी : थंड इंजिन फिरतच नाही

नव्या इंजिनाची दोरी ओढायला गेलं की वरच्या टोकाला ते घट्ट अडकतं. नवशिक्याला वाटतं, इंजिन जाम झालं. प्रत्यक्षात ते तसंच बनवलेलं असतं.

एवढ्या छोट्या पिस्टनला रिंग बसवणं आणि त्या वेगाला टिकवणं अवघड. म्हणून १९६० च्या दशकात स्पर्धेच्या मॉडेल इंजिनांत एबीसी बांधणी आली : ॲल्युमिनियमचा पिस्टन, पितळेचा सिलिंडर, आतून क्रोमचा मुलामा. पितळ तापलं की पुरेसं फुगतं. म्हणून सिलिंडर वरच्या टोकाला किंचित निमुळता ठेवतात. थंड असताना पिस्टन तिथे आवळला जातो. इंजिन चालत्या तापमानाला आलं की सिलिंडर वरच्या बाजूला जास्त फुगतो आणि फट नेमकी हवी तेवढी होते. रिंगचं काम उष्णतेवर सोपवलं, असं म्हणा.

यातून दोन सल्ले निघतात आणि दोन्ही तक्त्यात असतात. एक, थंडीत सुरू करण्याआधी इंजिन हेअर ड्रायरने कोमट करा. त्याने पिस्टन सुटा होतो आणि मिथेनॉलची वाफही सहज होते. दोन, नवं इंजिन 'ब्रेक-इन' करताना फार थंड चालवू नका. पूर्वी भरपूर इंधन सोडून, धूर काढत, इंजिन थंड ठेवून रुळवायची पद्धत होती. रिंगवाल्या जुन्या इंजिनांना ती ठीक होती. निमुळत्या सिलिंडरला मात्र थंड चालवलं तर पिस्टन प्रत्येक फेऱ्याला आवळत राहतो आणि कनेक्टिंग रॉडवर ताण येतो. म्हणून आता चालत्या तापमानाच्या जवळ नेऊन, पिस्टन खालच्या बाजूला ठेवून थंड करून, असे फेरे घ्या असं सांगतात. इंजिन बदललं, पण जुना सल्ला लोकांच्या तोंडी टिकून राहतो. मौखिक परंपरेत असे थर साचलेले दिसले की ते तपासायला शिका.

याच ओळीत एक धोक्याची पोटओळ आहे. दोरी एकदम कडक झाली आणि जरासुद्धा हलेना, तर सिलिंडरमध्ये द्रव इंधन साचलेलं असू शकतं. द्रव दाबला जात नाही. जोर केला तर रॉड वाकतो नाहीतर दोरी तुटते. प्लग काढायचा, गाडी उलटी करायची, डोळे बाजूला ठेवून दोरी चार-सहा वेळा ओढायची, इंधन बाहेर उडून जातं. बजाजची जुनी स्कूटर आडवी करून, प्लग पुसून सुरू करणारी पिढी आपल्या घरात आहे. त्यांना हे सांगितलं तर लगेच समजेल. यंत्र वेगळं, तर्क तोच.

ओळ तिसरी : इंधन जुनं, चुकीचं किंवा ओलं

नायट्रो इंधन म्हणजे तीन गोष्टींचं मिश्रण : मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल. तिघांचा इतिहास वेगळा.

नायट्रोमिथेन १८७२ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ कोल्बे याने तयार केलं. त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, मिथेनॉलला सुमारे ६.४ किलो आणि नायट्रोमिथेनला फक्त १.७ किलो. किलोमागे त्यात ऊर्जा पेट्रोलपेक्षा कितीतरी कमी. पण इंजिनाला मर्यादा असते ती हवेची. तेवढ्याच हवेत नायट्रोमिथेन कितीतरी जास्त प्रमाणात जाळता येतं, म्हणून एकूण शक्ती वाढते. म्हणूनच नायट्रोचं प्रमाण बदललं की सुया परत लावाव्या लागतात. जास्त नायट्रो म्हणजे जास्त इंधन सोडावं लागतं, शिवाय ज्वलन लवकर सुरू होतं. मग हेडखाली पातळ शिम घालून कॉम्प्रेशन थोडं उतरवतात.

तेलाची कथा आपल्या जवळची आहे. पहिल्या महायुद्धातल्या नोम रोटरी विमान-इंजिनांत एरंडेल तेल वापरलं जाई, कारण ते पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही. मिथेनॉलमध्ये मात्र ते छान मिसळतं, म्हणून मॉडेल इंजिनांनी ते उचललं. एरंडेलाचा गुण असा, की इंजिन नको तेवढं तापलं तरी त्याचा थर धातूला धरून राहतो. अवगुण असा, की तापून त्याची वार्निशसारखी पुटं बसतात आणि महिनोन् महिने ठेवलेलं इंजिन चिकटून बसतं. तक्त्यात 'बरेच दिवस ठेवल्यावर इंजिन फिरत नाही, गरम करा' असं लिहिलेलं असतं, त्यामागे हे एरंडेल आहे. आजही जगातल्या एरंडेल तेलाचा मोठा वाटा भारतातून, मुख्यतः गुजरातमधून येतो. मेहसाण्याकडचं शेत आणि इटलीतली शर्यत यांना जोडणारा हा धागा कोणीतरी प्रबंधासाठी उचलायला हरकत नाही.

मिथेनॉल हवेतली ओल शोषतं. डबा उघडा राहिला की इंधनात पाणी शिरतं आणि मग इंजिन कितीही सुया फिरवल्या तरी धड चालत नाही. उरलेलं इंधन इंजिनात राहिलं तर बेअरिंग गंजतात. म्हणून दिवस संपला की टाकी रिकामी करून इंजिनातलं इंधन जाळून संपवायचं आणि आफ्टर-रन तेलाचे थेंब टाकायचे. आणि एक गोष्ट ठासून सांगतो : मिथेनॉल हे विष आहे. पोटात गेलं, श्वासातून गेलं, त्वचेतून गेलं, तरी घातक. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीच्या विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली, तीही याच मिथेनॉलने. त्याची ज्योत दिवसाउजेडी दिसतसुद्धा नाही. मोकळ्या हवेत, हातमोजे घालून, आगीपासून दूर, याला पर्याय नाही.

ओळ चौथी : वर चांगलं पळतं, खाली बंद पडतं

हे इंजिन मुळात विमानाचं. विमान एकदा उडालं की बराच वेळ जवळपास एकाच वेगाने चालतं. सुरुवातीच्या मॉडेल इंजिनांना थ्रॉटलच नव्हता. एक सुई, तीही पूर्ण वेगासाठी. रेडिओ नियंत्रण आलं तसा वेग कमी-जास्त करणारा कार्ब्युरेटर हवा झाला. जपानमध्ये ओसाकाची ओएस ही कंपनी शिगेओ ओगावा यांनी १९३६ मध्ये सुरू केली होती. मॉडेल इंजिनांच्या इतिहासात हे नाव सारखं भेटतं. १९७० च्या दशकात १/८ मापाच्या गाड्यांच्या शर्यती वाढल्या आणि विमानाचं इंजिन जमिनीवर आलं.

जमिनीवर त्याची पंचाईत झाली. गाडीला प्रत्येक वळणाला ब्रेक, प्रत्येक सरळ रस्त्याला पूर्ण वेग. तोंडावर आदळणारा वारा नाही, म्हणून हेडला मोठे पंखे-पट्टे. कार्ब्युरेटरला दोन सुया आणि एक स्क्रू : हाय-स्पीड सुई, लो-स्पीड सुई, आयडल स्क्रू. त्यात टू-स्ट्रोकची आपली खोड. जोसेफ डे याने १८९० च्या सुमारास इंग्लंडमधल्या बाथ शहरात झडपांशिवाय चालणारं क्रँककेसवालं टू-स्ट्रोक बांधलं, १९२० च्या दशकात जर्मनीत श्नुर्ले याने वायूचे प्रवाह वळवणारी छिद्रांची मांडणी केली, १९५० च्या दशकात पूर्व जर्मनीच्या एमझेड कारखान्यात वाल्टर काडेन याने एक्झॉस्टच्या नळीतल्या लाटा कामाला लावल्या. १९६१ मध्ये काडेनचा शर्यतपटू अर्न्स्ट डेग्नर पश्चिमेला पळून गेला आणि पुढच्याच वर्षी सुझुकीवर ५० सीसीचा विश्वविजेता झाला. ज्ञान फाइलमधून जातं त्यापेक्षा माणसाबरोबर जास्त जातं, याचं याहून नाट्यमय उदाहरण क्वचितच मिळेल.

नायट्रो गाडीची फुगीर नळी काडेनच्याच घराण्यातली. ती ठरावीक वेगाला उत्तम साथ देते, खालच्या वेगाला नाही. शिवाय नळीतला दाब एका बारीक ट्यूबने इंधनाच्या टाकीत नेतात, म्हणजे इंधन पुढे ढकललं जावं. ती ट्यूब निसटली, टाकीच्या झाकणाचं रबर फाटलं, की इंधन कमी पडतं. बिघाड इंजिनात दिसतो, कारण टाकीवर असतं.

एकच लक्षण, दोन उलटी कारणं

आता संशोधकांसाठी सगळ्यात महत्त्वाचा भाग.

समजा गाडी थांबली की इंजिन बंद पडतंय. तक्ता म्हणतो : लो-स्पीड मिश्रण 'रिच' असेल, म्हणजे इंधन जास्त. पुढच्याच ओळीत म्हणतो : 'लीन' असेल, म्हणजे इंधन कमी. दोन्ही बरोबर! मग करायचं काय?

फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ आणि विज्ञानेतिहासकार पिएर दुएम याने १९०६ च्या आपल्या ग्रंथात असाच पेच मांडला. प्रयोग फसला, तर तो एकट्या गृहीतकाला खोटं ठरवत नाही. गृहीतक, उपकरण, सोबतच्या समजुती या सगळ्या गाठोड्यात कुठेतरी चूक आहे, एवढंच कळतं. नायट्रो इंजिन म्हणजे दुएमचा पेच हातात धरता येईल असा.

मेकॅनिकनी यावर जे मार्ग काढले ते शिकण्यासारखे आहेत.

पहिला, आधी संशय कमी करा. नवा प्लग, ताजं इंधन, स्वच्छ एअर फिल्टर, अखंड ट्यूब. आणि हवेची गळती तपासा : कार्ब्युरेटरचा पाया, मागची प्लेट, पुढचं बेअरिंग. गळती असेल तर कालची ट्यूनिंग आज टिकत नाही, आणि तुम्ही सुयांना दोष देत बसता.

दुसरा, ओळखीच्या जागेवर परत या. सुया कारखान्याच्या मूळ जागेवर आणायच्या आणि तिथून मोजत निघायचं. संशोधनात याला आधाररेषा म्हणतात.

तिसरा, एका वेळी एकच बदल, तोही अष्टमांश फेऱ्याचा. आधी हाय-स्पीड सुई, मग लो-स्पीड, शेवटी आयडल. क्रम असाच का? कारण बऱ्याच कार्ब्युरेटरमध्ये हाय-स्पीड सुईतून गेलेलं इंधनच खालच्या वेगालाही मिळतं. आधी खालचं लावलं आणि नंतर वरचं हलवलं, तर खालचं पुन्हा बिघडतं. शिवाय सगळं इंजिन तापल्यावर. थंड इंजिनावर लावलेली सुई गरम इंजिनाला लागू पडत नाही.

चौथा, दोन कारणांना वेगळं करणारी चाचणी शोधा. इथे ती म्हणजे इंधनाची ट्यूब चिमटीत दाबणं. गरम इंजिन आयडलवर चालू असताना कार्ब्युरेटरजवळ ट्यूब दाबायची. इंधन हळूहळू कमी होत जातं. वेग किंचित वाढून दोन-तीन सेकंदांत इंजिन बंद पडलं, तर मिश्रण ठीक. वेग न वाढता लगेच बंद पडलं, तर आधीच इंधन कमी होतं. वेग खूप वाढला आणि बराच वेळ चालत राहिलं, तर इंधन जास्त होतं. खर्च शून्य, उत्तर स्पष्ट. आपल्या प्रबंधात दोन स्पष्टीकरणं एकाच पुराव्याला लागू पडत असतील, तर आपली 'चिमूट' कोणती, हे स्वतःला विचारा.

पाचवा, एका पुराव्यावर विसंबू नका. नळीतून निळसर धुराची रेघ दिसते का, वेग घेताना इंजिन धूर काढत अडखळतं की धुराशिवाय एकदम तुटतं, प्लगची तार चकचकीत आहे की राखाडी आणि वाकडी, हेडचं तापमान किती. बऱ्याच इंजिनांना साधारण १०० ते १२० अंश सेल्सियस मानवतं. पण नुसता आकडा बघून सुई फिरवणारा फसतो, कारण मे महिन्यातला आणि डिसेंबरमधला तोच आकडा एकच गोष्ट सांगत नाही. हवेचंही तसंच. समुद्रसपाटीवर लावलेली गाडी महाबळेश्वरला, म्हणजे साधारण १,३५० मीटरवर नेली, तर हवेची घनता सुमारे एक अष्टमांशाने उतरते. इंधन तेवढंच, हवा कमी. मिश्रण आपोआप रिच. सुईला कोणी हातही लावला नाही, तरी ट्यूनिंग बदललं.

तक्त्यात काय लिहिलेलं नाही

'धुराची रेघ पातळ पण दिसेल अशी असावी.' वाक्य सोपं आहे. पण पातळ म्हणजे किती? 'आवाज मोकळा यावा.' मोकळा आवाज कसा असतो? हे कागदावर उतरत नाही. मायकेल पोलान्यी याने याला अव्यक्त ज्ञान म्हटलं. हॅरी कॉलिन्स याने १९७४ मध्ये टीईए लेझर बांधणाऱ्या प्रयोगशाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नुसत्या छापील लेखांच्या आधारावर कोणालाही चालणारा लेझर बांधता आला नव्हता. ज्यांनी बांधला त्यांचा आधी बांधलेल्यांशी प्रत्यक्ष संपर्क होता. प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांची ही गत, तर रविवारी मैदानावर दोरी ओढणाऱ्याचं काय?

विमानांच्या काळात क्लब असत. शेजारी उभा असलेला जाणता माणूस आवाज ऐकून म्हणे, "जरा बंद कर सुई." आपल्याकडे एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग शिकलेल्यांना हा अनुभव असेल. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या ट्रॅक्सस कंपनीचा टी-मॅक्स आला. अशा तयार गाड्यांमुळे क्लबशी कसलाही संबंध नसलेल्या माणसाच्या हातातही नायट्रो इंजिन आलं. त्याच्या शेजारी जाणतं कोणी नाही. माझ्या मते पुस्तिकेतला तक्ता म्हणजे त्या गैरहजर शेजाऱ्याची जागा भरण्याचा प्रयत्न आहे. म्हणून तो एवढा सविस्तर, आणि म्हणूनच अपुरा.

मग आत्ताच का?

कारण वेळ थोडा आहे. २००० नंतर ब्रशलेस मोटर आणि लिथियम-पॉलिमर बॅटरी आल्या. बटण दाबलं की गाडी पळते. ट्यूनिंग नाही, धूर नाही. युरोपीय संघाने स्फोटकांसाठी वापरता येणाऱ्या रसायनांवर निर्बंध घातले. आधी ३० टक्क्यांहून जास्त नायट्रोमिथेन असलेलं मिश्रण सर्वसामान्यांसाठी निर्बंधाखाली होतं. २०१९ च्या नियमाने, जो २०२१ मध्ये लागू झाला, ती मर्यादा १६ टक्क्यांवर आली. सुरक्षिततेच्या बाजूने हे निर्णय समजण्यासारखे आहेत. पण परिणाम असा, की आवाज ऐकून सुई लावणारी माणसं कमी होत जाणार. इंजिनं संग्रहालयात राहतील, पुस्तिका कपाटात राहतील. 'मोकळा आवाज' म्हणजे काय, हे सांगणारं कोणी राहणार नाही.

डेव्हिड एजर्टन याने २००६ च्या 'द शॉक ऑफ द ओल्ड' या पुस्तकात तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांऐवजी वापर आणि देखभाल यांच्या बाजूने बघायला सांगितलं. आपल्याकडे तर त्याला तोटा नाही. पाणबुडी पंप दुरुस्त करणारे, शिवणयंत्राचा टाका लावून देणारे, जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांचे मेकॅनिक, प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत. त्यांच्याकडे असाच एकेक तक्ता आहे, बहुतेक वेळा तोंडी.

संशोधनाला बसताना एवढं कराल का? एक यंत्र निवडा. त्याच्या बिघाडांची यादी करा, शक्य असेल तर वेगवेगळ्या वर्षांच्या पुस्तिकांमधून. कुठली ओळ नवी आली, कुठली गळाली, ते मांडा. कारण यंत्र बदललं की वापरणारा बदलला, हे त्यातूनच दिसतं. मग दुरुस्ती करणाऱ्याजवळ बसा आणि तो जे बोलत नाही, फक्त हाताने करतो, ते लिहून घ्या. मुलाखत घेताना "काय करता?" असं विचारू नका. "बिघाड हाच आहे, तो नाही, हे कशावरून ओळखलंत?" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला पुस्तिकेतलं उत्तर मिळतं. दुसऱ्याला माणूस क्षणभर थांबतो, हात हवेत फिरवतो आणि मग सांगायला लागतो. वही तेव्हा उघडी हवी.